अर्जातील रिकामा रकाना

माणसाच्या ताठपणाची निंदा करण्यासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. गर्व, घमेंड, ताठा, तोरा, मिजास, गुर्मी, मस्ती, शेखी. आणि या सर्वांच्या वर 'माज'. हा शब्द मूळचा गुराढोरांचा. गाय माजावर येते, म्हैस माजावर येते. परंतु ज्या दिवशी आमच्या वाडवडिलांनी मेलेले ढोर ओढण्याचे नाकारले, येसकरकी-तराळकी सोडली आणि ते धुतलेले कपडे घालून गावातून चालू लागले, त्या दिवसापासून हा जनावराचा शब्द त्यांच्या वाट्याला आला. 'माजले आहेत' असे गाव म्हणू लागले. मोठ्या घरच्या मुलाने मामलेदार होण्याचे मनात आणले तर ती महत्त्वाकांक्षा. आमच्या मुलाने तेच मनात आणले तर त्याने पायरी सोडली! भाषा एकच, परंतु तिच्यातील शब्दांची वाटणी मात्र जातवार झालेली.

ही वाटणी केवळ लोकांच्या जिभेवर होती असेही नाही. शूद्राला सामर्थ्य असले तरी त्याने धनसंचय करू नये, असा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट नियमच आहे. वर चढण्याची इच्छा हाच जेथे अपराध, तेथे त्या इच्छेला चांगले नाव कोठून मिळणार? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. ग्रंथ जळाला, शब्दांची सवय मात्र घरोघर राहिली. आजही आमच्याच आया मुलाला म्हणतात, 'फार उडू नकोस.'

हा विषय आज काढण्याचे कारण शहापूर-मुरबाडकडील तरुणांचे नोकरीचे अर्ज हे होय. उंबरमाळी हे खर्डी आणि कसारा यांच्यामधील एक लहानसे स्थानक. तेथून आणि आसपासच्या गावांतून आमची मुले लोकलने कल्याण-ठाण्याकडे कामाच्या शोधात जातात. तेथे त्यांच्या हाती इंग्रजी छापील अर्ज येतो व त्यात 'अचीव्हमेंट्स' असा एक रकाना असतो. मुलाखतीत विचारतात, तुम्हांला कशाबद्दल 'प्राउड' वाटते, तुमची 'ॲम्बिशन' काय? असे पुष्कळ अर्ज मी पाहिले आहेत आणि बहुतेकांत तो रकाना रिकामा असतो. एका मुलाने तेथे 'नील' असे लिहिले होते. हा मुलगा तीन वर्षे रोज संध्याकाळी वस्तीतील लहान मुलांना पाढे आणि वाचन शिकवीत आला आहे; विहाराच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे आहे आणि त्यात पैची चूक नाही. मी त्याला विचारले, 'अरे, हे का नाही लिहिलेस?' तो म्हणाला, 'काका, आपल्याच तोंडाने कसं सांगायचं?'

त्याच्या या उत्तरात विनय आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु टेबलापलीकडे बसलेल्या गृहस्थाला तो विनय दिसत नाही; त्याला कोरा कागद दिसतो. शेजारच्या खुर्चीवरील मुलाने वर्गातील वक्तृत्व स्पर्धेच्या तिसऱ्या बक्षिसापासून सारे लिहिलेले असते. नोकरी कोणाला मिळते हे सांगावयास नकोच.

म्हणून माझे म्हणणे असे की, कर्तृत्वाविषयी बोलण्याची इंग्रजी शब्दसंपत्ती आमच्या मुलांनी नीट शिकली पाहिजे, आणि ती शिकताना भिऊ नये. इंग्रजीतही हे शब्द जन्मतः प्रतिष्ठित नव्हते. 'प्राइड' हे ख्रिस्ती परंपरेतील सात महापातकांमध्ये पहिले पाप; तरीही आज इंग्रज बाप मुलाच्या यशाबद्दल 'आय ॲम प्राउड ऑफ यू' असे म्हणतो व त्यात कोणाला पाप दिसत नाही. 'ॲम्बिशन'चा उगम लॅटिन भाषेत. रोममधील उमेदवार मतांसाठी दारोदार हिंडत, त्या हिंडण्याचे ते नाव. त्यामुळे या शब्दाला कित्येक शतके संशयाचा वास येत असे. 'सक्सेस' म्हणजे मुळात मागून येणारे फळ, मग ते बरे असो वा वाईट. लोकांनी वापरून वापरून हे शब्द वर चढविले. (पायरी सोडली म्हणून शब्दांवर कोणी बहिष्कार घालीत नाही, हे त्यांचे भाग्य!) शिवाय पोकळ डौलाला 'व्हॅनिटी', दुसऱ्याला तुच्छ लेखण्याला 'ॲरोगन्स' आणि स्वतःची बूज राखण्याला 'सेल्फ-रिस्पेक्ट' असे वेगवेगळे शब्द त्या भाषेत आहेत. आम्हांला मात्र या तिन्हींसाठी गावाने एकच शब्द दिला होता.

तथापि इंग्रजी म्हणजे निर्मळ झरा, असेही कोणी समजू नये. १९५८ साली मुंबई राज्याने महार वतन व तत्सम वतने रद्द करणारा कायदा केला. कायदा हिताचा होता. पण त्याच्या इंग्रजी नावातच या वतनांना 'इन्फिरिअर' म्हटले होते. त्यापूर्वी सरकारदरबारी आमचे नाव 'डिप्रेस्ड क्लासेस' असे होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी १९३१ साली गोलमेज परिषदेपुढे जे पुरवणी निवेदन ठेवले, त्यात हे नाव अपमानास्पद असल्यामुळे ते बदलावे अशी मागणी केली होती. राजकीय हक्कांच्या एवढ्या मोठ्या झगड्यातही एका शब्दासाठी त्यांनी जागा काढली, याचे आम्ही मनन करावे.

आजचा तसाच शब्द 'मेरिट'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ श्रमाने कमावलेले, ज्यावर आपला हक्क पोचतो असे. आता तोच शब्द आमच्या मुलांच्या तोंडावर फेकला जातो; जणू घरात पुस्तके आणि शिकवणी असलेल्याने मिळविलेले गुण तेवढे कमावलेले, आणि डोंगर उतरून शाळेत गेलेल्याचे गुण फुकट आलेले. ही तर त्या शब्दाच्या अर्थाचीच चोरी आहे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. ते इंजिनियरांचे आणि मुंबईच्या पालिकेचे 'अचीव्हमेंट' म्हणून सांगितले जाते. ज्यांच्या डोक्यावरून त्याचा दगड वाहिला गेला त्यांच्यासाठी तो शब्द कोणी वापरला नाही, आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

अलीकडे धम्मदीक्षा घेतलेल्या काही पालकांना एक शंका येते: 'मी केले, मी मिळविले' असे बोलणे अनात्मवाद सांगणाऱ्या धम्माला धरून आहे काय? शंका प्रामाणिक आहे. पाली वाङ्मयात 'मान' हे दहा संयोजनांपैकी, म्हणजे बंधनांपैकी, एक गणले आहे. परंतु त्याचे प्रकार पाहा. मी श्रेष्ठ आहे असे मानणे हा मान; मी बरोबरीचा आहे असे मोजीत बसणे हाही मान; आणि मी हीन आहे असे मानणे हाही मानच! स्वतःला कमी लेखण्याला तथागताच्या शिकवणीत सद्गुण म्हटलेले नाही. तेही तोडावयाचे बंधन आहे. तेव्हा त्या मुलाचे 'नील' हा विनय नव्हे. हीनतेचे ते जुने माप इंग्रजी अक्षरांत उतरले होते, इतकेच.

महत्त्वाकांक्षेचीही तीच गोष्ट. तृष्णा वेगळी आणि 'छंद' वेगळा. मराठीत छंद म्हणजे फावल्या वेळचा नाद असा अर्थ उरला आहे. पालीत मात्र काही चांगले करण्याची उत्कट इच्छा असा त्याचा अर्थ होतो, आणि सिद्धीला नेणाऱ्या चार इद्धिपादांमध्ये तो पहिला आहे. त्यानंतर वीर्य, चित्त आणि वीमंसा. 'ॲम्बिशन' शिकविताना मुलांना हा अर्थ सांगितला तर त्या शब्दाची भीती जाईल आणि हावही जाईल.

आता व्यवहाराची गोष्ट. 'हार्डवर्किंग', 'सिन्सिअर', 'बेस्ट' असली विशेषणे अर्जात घालू नयेत. ती सर्वच जण लिहितात व कोणी वाचीत नाही. क्रियापदे शिकावीत: 'टीच', 'मॅनेज', 'ऑर्गनाइझ', 'कम्प्लीट', 'अर्न'. त्यांच्यापुढे आकडा घालावा, वर्ष घालावे. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए., १९२२ साली बॅरिस्टरी आणि १९२३ साली लंडनची डी. एस्सी. मिळविली, हे वाक्य लिहिताना एकही विशेषण लागत नाही आणि त्याला कोणी बढाईही म्हणू शकत नाही.

चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनाला गुणगौरवाचे कार्यक्रम होतात. त्यांत वक्ते मुलाच्या गरिबीचे वर्णन दहा मिनिटे करतात, आणि मूल प्रमाणपत्र घेऊन खाली मान घालून परत जाते. ही रीत बदलावी. त्या मुलानेच ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून प्रथम मराठीत आणि मग इंग्रजीत तीन वाक्ये बोलावीत: काय केले, किती दिवस केले, कोणासाठी केले. आकडा चुकला तर आईने बसल्या जागेवरून मोठ्याने दुरुस्त करावा.