वाडीची वंशावळ आणि वाडीचे मस्टर
सदर : वारसा आणि वर्तमान

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत बाहेरून येऊन वसलेल्यांचा वारसा जपण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत बहरोटच्या गुहांचे नाव अग्रभागी राहिले आहे आणि त्याला पुरेसे कारणही आहे. पारशांची जुनी वसाहत असलेल्या संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी, म्हणजे इराणशाह, डहाणू तालुक्यातील या डोंगरावर बारा वर्षे जपला आणि पुढे वांसदा, नवसारी असे मुक्काम करीत तो १७४२ मध्ये उदवाड्यास स्थिरावला, अशी परंपरा आहे. तिचा मुख्य आधार म्हणजे बहमन कैकोबाद यांनी सुमारे १५९९-१६०० मध्ये फारसी पद्यात रचलेला ‘किस्सा-ए-संजाण’ होय. मात्र ही रचना मूळ घटनांनंतर फार काळाने झालेली असल्यामुळे संजाणवर चालून आलेला सुलतान नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे. वर्ल्ड झरथुश्ती कल्चरल फाउंडेशन या संस्थेने आणि तिचे संस्थापक डॉ. होमी धल्ला यांनी बहरोटच्या संरक्षणासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये या गुहांना राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून मान्यता मिळाली.

तथापि आजच्या डहाणूच्या किनारपट्टीला तिचे रूप ज्यांनी दिले, ते बहरोटचे धर्मगुरू नव्हेत, तर त्यांच्यानंतर काही शतकांनी आलेले इराणी जरथुष्ट्री होत. पारशी आणि इराणी हे दोन्ही समाज एकाच धर्माचे असले, तरी पारशांचे पूर्वज हजार वर्षांपूर्वी भारतात आले, तर इराणी म्हणून ओळखली जाणारी कुटुंबे मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात यझ्द व केरमान या प्रांतांतून आली. इराणमध्ये काजार राजवटीत जरथुष्ट्र्यांवर जिझिया कर होता आणि सार्वजनिक जीवनात नाना प्रकारची मानहानी होती. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हतरिया यांना आपले प्रतिनिधी म्हणून तेथे पाठविले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला. तोवर आणि त्यानंतरही कित्येकांनी देश सोडला होता. त्यांतील काहींनी मुंबईत चहाची दुकाने थाटली, काही डहाणू, बोर्डी, घोलवड या बाजूस स्थिरावले आणि बागायतीकडे वळले. महाराष्ट्रात चिकूची लागवड १८९८ मध्ये घोलवड येथे प्रथम झाली, असे फळबागशास्त्राच्या ग्रंथांत नमूद आहे. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केल्यानंतर त्या अधिसूचनेच्या अंमलबजावणीसाठी जो न्यायालयीन लढा झाला, त्यात नर्गिस इराणी यांच्यासारख्या बागायतदार कार्यकर्त्या आघाडीवर होत्या आणि त्याची परिणती १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणात झाली. किनाऱ्यावरील चिकूच्या वाड्या आज जितक्या शिल्लक दिसतात, त्याचे श्रेय या चिवटपणालाही द्यावे लागते.

या वारशाची जी कथा सांगितली जाते, ती यझ्दच्या वाळवंटात सुरू होते, खडतर प्रवासातून जाते आणि एकदम बहरलेल्या वाडीत येऊन पोहोचते. मधला भाग, म्हणजे वाडीची जमीन कोणाकडून, कशी आणि कोणत्या कागदावर आली व ती कोणाच्या हातांनी कसली गेली, हा त्या कथेतून गळलेला असतो. रानशेत, गंजाड यांसारख्या वारली आदिवासींच्या गावांत हाच मधला भाग घरोघरी ठाऊक असतो. मुंबई प्रांत सरकारसाठी सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३९ मध्ये आदिवासींच्या स्थितीविषयी जो अहवाल सादर केला, त्यात कर्ज आणि सावकारी यांच्या पाशात जमिनी कशा गेल्या आणि वेठबिगार, म्हणजे मोबदल्याविना सक्तीने घेतलेले श्रम, कशी चालत असे याचे वर्णन आहे. लग्नासाठी काढलेल्या अल्प कर्जापोटी नवरा-बायको दोघेही जमीनदाराच्या घरी वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर, राबत. अशा गड्यास लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे किसान सभेच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवतास अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून संप झाला आणि १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. शामराव परुळेकर यांच्यासह या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे हा इतिहास अज्ञात आहे असे कोणास म्हणता येणार नाही, फक्त तो वारसा या सदराखाली नोंदला जात नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. लढा ज्या जमीनदारांविरुद्ध होता त्यांत पारशी आणि इराणी यांच्याबरोबर ब्राह्मण, वाणी, मारवाडी आणि मुसलमानही होते. शिवाय इराण्यांतील अनेक जण स्वतः कफल्लक अवस्थेत आलेले होते. हे खरे आहे आणि म्हणूनच कोणा एका समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हा विषय नाही. पण छळातून पळून आलेला मनुष्य पुढच्या पिढीत दुसऱ्याच्या श्रमावर वाडी उभारू शकतो, ही गोष्ट विरोधाभासाची वाटली तरी इतिहासात नवी नाही, आणि स्थलांतरितांचा वारसा सांगताना दोन्ही टोके एकत्र धरली नाहीत, तर उरते ती केवळ घराण्याची वंशावळ.

अमेरिकेतील एका संस्थेचे उदाहरण या संदर्भात उपयोगी पडते. न्यू यॉर्क येथे १८८५ मध्ये स्थापन झालेली हॉलंड सोसायटी ही, सतराव्या शतकात न्यू नेदरलँड या डच वसाहतीत राहिलेल्यांच्या वंशजांची संस्था आहे. १६७५ पर्यंत तेथे वसलेल्या पूर्वजाशी वंशसंबंध सिद्ध करणे ही तिच्या सदस्यत्वाची अट. अशा संस्था मेजवान्या, बोधचिन्हे आणि पूर्वजांच्या याद्या यांतच रमण्याचा धोका उघड आहे. हॉलंड सोसायटीचे खरे मोल मात्र निराळ्या कामात आहे: आल्बनी येथील राज्य ग्रंथालयाशी मिळून तिने १९७४ मध्ये वसाहतीच्या सुमारे बारा हजार पानांच्या डच दप्तराचे इंग्रजी भाषांतर सुरू करविले आणि चार्ल्स गेहरिंग यांनी ते अनेक दशके चालविले. या कागदांतून पूर्वजांची केवळ कर्तबगारी पुढे आली नाही. वसाहतीचे प्रमुख विलेम कीफ्ट यांच्या आज्ञेवरून १६४३ मध्ये झालेली मूलनिवासी लेनापे लोकांची कत्तल, तसेच १६४४ मध्ये अकरा आफ्रिकी गुलामांना दिलेले ‘अर्धे स्वातंत्र्य’ आणि त्यांची मुले मात्र गुलामच राहतील ही त्यातील अट, हे सर्व त्या काळाच्या नोंदींतून पाहता येते. वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या दप्तराचा उलगडा व्हावा म्हणून हातभार लावावा आणि त्यातून त्यांना न आवडणाऱ्या गोष्टीही बाहेर याव्यात, यापेक्षा प्रामाणिक स्मारक कल्पिणे कठीण आहे.

डहाणूच्या बाजूस असे दप्तर दोन ठिकाणी असणे संभवते. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदी, महसुली कार्यालयांत असतात. वाड्यांचे हिशेब, मजुरीची मस्टरे, गवताचे आणि खंडाचे करार हे बागायतदार कुटुंबांच्या कपाटांत, जेथे उरले असतील तेथे. दुसऱ्या प्रकारच्या कागदांना कायद्याचे संरक्षण नाही. नव्या पिढ्या मुंबईत किंवा परदेशात स्थिरावत असताना आणि डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या पार्श्वभूमीवर किनाऱ्यावरील जमिनींचे भवितव्य बदलत असताना, वाडी विकली जाते तेव्हा जुने कपाट रद्दीत जाणे ही साधी गोष्ट असते. वारशाच्या संस्थांनी सणांची, खाद्यपदार्थांची आणि धर्मस्थळांची जी नोंद चालविली आहे, तिच्यापेक्षा हे कागद वाचविण्याचे काम अधिक निकडीचे आहे.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे वारल्यांचा, वारसाही सध्या एकांगीपणेच जपला जातो. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि विमानतळाच्या भिंतीपासून चहाच्या पेल्यापर्यंत ती चित्रे पोहोचली. पण ज्या हातांनी ती काढली, त्यांच्या आजोबांनी किती खंड भरला, कोणत्या वाडीत किती दिवस राबले, याच्या मौखिक आठवणींचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण त्या मानाने फारच थोडे झाले आहे. चित्र विकत घेणाऱ्याला ही माहिती नको असते, हे त्यामागचे एक कारण असावे.

पारशी आणि इराणी कागदपत्रांसाठी नवसारीचे १८७२ मधील मेहेरजी राणा ग्रंथालय आणि मुंबईतील १९१६ चे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट या उत्तम संस्था आहेत. परंतु डहाणूच्या वाड्यांची मस्टरे मिळाली आणि तेथे जमा झाली, तर रानशेतच्या माणसाला आपल्या पणजोबांचे नाव शोधण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून प्रवास करावा लागेल, आणि ते नाव बहुधा गुजराती लिपीत असेल. म्हणून मूळ कागद कोठेही राहिला तरी त्याची प्रत, मराठी लिप्यंतरासह, डहाणूतच कोणालाही मागता येईल अशा ठिकाणी असली पाहिजे, आणि तिच्या शेजारी वारली वृद्धांच्या आठवणींची मुद्रणे असली पाहिजेत. या कामाचा खर्च बहरोटच्या डागडुजीपेक्षा कमी येईल. अडचण येईल ती कपाटे उघडण्याची तयारी असणारी पहिली चार-पाच कुटुंबे मिळविण्याची.