मुठीएवढा भात, डब्यातली माया



मुलांचा डबा शाळेतून परत आला की आई आधी झाकण उघडून पाहते. घास तसेच राहिलेले दिसले की तिचे मन खट्टू होते. जगात सगळीकडच्या आयांची हीच कथा. दक्षिण कोरियातील आयांनी त्यावर एक सोपा उपाय शोधला आहे. त्याची माहिती आज घेऊ, कारण त्यात पाककृतीबरोबर भाताच्या वाणाचीही गोष्ट आहे.

कोरियात डब्याला ‘दोशिराक’ म्हणतात. त्यात भाताचे लहान लहान गोळे ठेवतात. त्यांचे नाव ‘जुमॉकबाप’. जुमॉक म्हणजे मूठ आणि बाप म्हणजे भात. थोडक्यात, मुठीतला भात. गरम भातात मीठ, भाजलेल्या तिळाचे तेल, तीळ, परतलेले गाजर किंवा बारीक सुकी मासळी मिसळून गोळे वळतात. ‘गिम’ नावाच्या वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पातळ काळ्या पापुद्र्याचे तुकडे कापून गोळ्यावर डोळे, कान, मिशा लावतात. अस्वल, ससा, कोंबडीचे पिल्लू पाहून मूल हसते आणि हसता हसता डबा संपवते.

हा पदार्थ केवळ कौतुकाचा मात्र नाही. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लोक लष्करी राजवटीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा बाजारात बसणाऱ्या बायकांनी मोठ्या पातेल्यांत भात शिजवला आणि असेच गोळे वळून लढणाऱ्या तरुणांना वाटले. ताट नको, वाटी नको, हातात घेतले की जेवण झाले.

त्याआधी, तांदळाच्या टंचाईच्या काळात, शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडून पाहत. भातात जव किंवा दुसरे धान्य मिसळले आहे की नाही, याची ती तपासणी असे. टंचाईवर उपाय म्हणून ‘तोंगिल’ हे भाताचे वाण तयार झाले. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत त्याचा संकर झाला आणि त्याच्या वंशात आपल्या ओळखीचे आय.आर. ८ होते. १९७२ पासून ते शेतावर पसरले आणि १९७७ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण त्याचा भात लोकांच्या सवयीइतका चिकट नव्हता आणि पिकाला थंडी सोसत नसे. १९८० च्या थंड उन्हाळ्यात मोठे नुकसान झाले आणि पुढे शेतकरी पुन्हा चिकट भाताच्या वाणांकडे वळले. पोते भरणारे वाण ताटातही रुचले पाहिजे, हा यातला धडा.

आता आपल्या घरचे पाहू. भात चिकट की मोकळा, हे तांदळातील अमायलोज या पिष्टाच्या प्रकारावर ठरते. ते जास्त असले की भात मोकळा होतो, कमी असले की शिते एकमेकांना धरतात. म्हणून बासमती किंवा जुना कोलम घेतला तर गोळा फुटेल. आपल्याकडे या कामाला इंद्रायणी उत्तम. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले हे वाण आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून आले. म्हणजे तोंगिलशी त्याचे दूरचे नातेच आहे! तांदूळ नवा असेल तर आणखी चांगला.

कृती अशी:

१) एक वाटी इंद्रायणी तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. दोन वाट्या किंवा थोडे कमी पाणी घालून मऊ शिजवा.

२) भात परातीत पसरून वाफ जाऊ द्या. कोमट असतानाच अर्धा चमचा मीठ, दोन चमचे तिळाचे तेल आणि दोन चमचे भाजलेले तीळ मिसळा. घाण्याच्या तेलाला भाजका वास नसतो, तो या तिळांनी येतो.

३) किसून परतलेले गाजर, उकडून घट्ट पिळलेला पालक किंवा परतलेले अंडे घाला. कोकणातील घरी निवडून कोरडा भाजलेला जवळा चालेल. भाजी ओली राहिली तर गोळा सुटतो.

४) हात स्वच्छ धुऊन पाण्याने ओले करा आणि लिंबाएवढे गोळे घट्ट वळा. सुमारे दहा होतात.

५) गिम नसले तरी अडत नाही. काळ्या तिळाचे डोळे, गाजराच्या तुकड्याची चोच, कोथिंबिरीच्या पानाचे कान लावा. हे काम मुलांनाच करू द्या. स्वतः केलेले मूल आवडीने खाते.

नुसत्या भाताने पोट भरते, अंग भरत नाही. म्हणून सोबत घट्ट मुगाची उसळ किंवा उकडलेले अंडे द्या. लहान मुलांच्या गोळ्यात अख्खे शेंगदाणे घालू नका, कूट घाला.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्यावरही जगतात आणि भात तासन् तास कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, उलट्या होतात. म्हणून रात्रीच्या उरलेल्या भाताचे गोळे डब्यात कधीही देऊ नका. सकाळीच भात शिजवा, गोळे पूर्ण निवल्यावर कोरड्या डब्यात भरा आणि मधल्या सुट्टीतच खायला सांगा. उरलेले घरी आले तर जनावरांपुढेही न ठेवता खतखड्ड्यात टाका. चैत्र-वैशाखाच्या उन्हात डबा चार तासांहून अधिक राहणार असेल, तर त्या दिवशी पोळी-चटणीच बरी.

शेवटी बंधूंना एक सांगणे. भात लावताना दोन-चार गुंठे घरच्या खाण्याच्या वाणासाठी राखून ठेवा. बाजारात जाणाऱ्या पोत्याचा हिशेब आपण नेहमीच करतो. मुलांच्या डब्याचाही करायला हवा.