पट्टी वाचता न येणं हा म्हाताऱ्यांचा गुन्हा नाही

वस्तीतली एखादी आजी चुकीच्या गोळीने दवाखान्यात पोहोचली की निकाल तयारच असतो: "अडाणी आहेत, काहीही खातात." आपले शिकलेले तरुणही हेच बोलतात. मला हे मान्य नाही. ज्या पिढीला शाळेबाहेर ठेवलं, तिच्या हातात इंग्रजी अक्षरांची पट्टी द्यायची आणि वाचता आली नाही म्हणून तिलाच दोष द्यायचा, हा जुनाच न्याय आहे.

आधी धोका समजून घेऊ. वय वाढतं तशी औषध शरीराबाहेर टाकण्याची किडनीची ताकद घटते. तरुणाला पचणारी मात्रा म्हाताऱ्याच्या अंगात साठत जाते. साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेतली आणि जेवण चुकलं, तर साखर इतकी उतरू शकते की माणूस बेशुद्ध पडतो. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक खाल्लं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनी बिघडू शकते. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दिलं, तर दुप्पट मात्रा पोटात जाते आणि कुणाला कळतही नाही.

यात अडाणीपणा किती आणि व्यवस्थेचा दोष किती? "आठवड्यातून एकदाच" हे आजीला मराठीत कुणी लिहून दिलं? शेड्यूल एचमधली औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा कायदा आहे. तरी ती काउंटरवर मिळतात. माणसं ती घेतात, कारण सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिवसाची मजुरी बुडते. २०१६ साली नियम झाला की डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. पण सुवाच्य कुणासाठी?

बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ पासून त्यांच्या औषधपाण्याकडे लक्ष द्यायला घरात माईसाहेब होत्या, त्या स्वतः डॉक्टर. एवढ्या मोठ्या विद्वानालाही जाणकाराची सोबत लागली. मग तीन आजार आणि आठ गोळ्या आजीने एकटीने सांभाळाव्यात, ही अपेक्षा कुठली?

संविधानाचं अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे. ती रांग आपल्या तालुक्यात आहे का, हे विचारा. प्रत्येक चिठ्ठीसोबत मराठीत आणि चित्रांत सूचना मिळाल्या पाहिजेत, ही मागणी निवेदनात लिहा.

आणि थोडं आपल्याकडेही पाहू. १४ एप्रिलला आपण शिबिर घेतो, बीपी मोजतो, गोळ्या वाटतो, फोटो काढतो. १५ एप्रिलला त्या गोळ्यांचं काय झालं, हे विचारायला कुणी जात नाही.

म्हणून प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार यासाठी ठेवा. वंदनेनंतर ज्येष्ठांनी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणावीत. आपल्यातल्या फार्मसी-नर्सिंगच्या मुलामुलींनी ती तपासावीत: मुदत संपलेली बाजूला काढावीत, एकच औषध दोनदा आहे का ते पाहावं, वेळा मोठ्या मराठी अक्षरांत लिहाव्यात. वाचता येत नसेल तिथे सूर्य-चंद्र काढावेत. मात्र कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. शंका आली तर आजीसोबत डॉक्टरकडे जावं.

"शिका" हा आदेश केवळ नोकरीसाठी नव्हता. ज्यांनी मजुरी करून आपल्याला इंग्रजी वाचायला शिकवलं, त्यांच्या गोळ्यांची पट्टी आपण वाचणार की नाही?

जय भीम!