शिट्टी कोणाच्या हाती?

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत शालेय कबड्डीचा तालुकास्तरीय अंतिम सामना हा दोन शाळांपुरता मामला राहत नाही. पावसाची उघडीप पाहून आखलेले मैदान, एसटीने किंवा भाड्याच्या जीपमधून आलेले संघ, शेतातली कामे टाकून आलेले पालक आणि कडेला दाटीवाटीने उभे असलेले गावकरी, असे या सामन्याचे चित्र असते. येथून प्रत्येक वयोगटातला एकच संघ जिल्हास्तरावर जातो. हरलेल्या संघाचे त्या वर्षाचे मैदान तेथेच संपते. अशा सामन्यात चढाईपटूने निदान रेषा ओलांडली की नाही, बोनस द्यायचा की नाही, याचा निवाडा करणारा पंच बहुधा त्याच तालुक्यातील एखाद्या शाळेचा क्रीडाशिक्षक असतो. त्याच्या स्वत:च्या शाळेचा संघही अनेकदा त्याच स्पर्धेत सकाळी खेळून गेलेला असतो.

यात कोणा शिक्षकाच्या सचोटीवर संशय घेण्याचे कारण नाही. उलट, हे शिक्षक शिट्टी हाती घेतात म्हणूनच तालुकास्तरावर स्पर्धा होतात. प्रश्न आहे तो नेमणुकीच्या पद्धतीचा. किंबहुना, पद्धत म्हणावी असे काही येथे आहे का, हाच खरा प्रश्न आहे.

राज्यातील शालेय क्रीडा स्पर्धांची रचना शिडीसारखी आहे. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढून खेळाडू राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत पोहोचतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुले-मुली असे गट असतात. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय स्पर्धा घेते. वरच्या पायऱ्यांवर त्या त्या खेळाच्या संघटनेकडून पंच मागविले जातात. तळच्या पायरीवर मात्र भार असतो तो तालुक्यातील क्रीडा संयोजक, यजमान शाळा आणि हजर असलेले क्रीडाशिक्षक यांच्यावर. जो उपलब्ध आहे, ज्याला नियम ठाऊक आहेत आणि ज्याचा आवाज मैदानभर पोहोचतो, तो पंच होतो. साखळीतला सामना असो वा अंतिम, निवडीचा निकष बदलत नाही.

वास्तविक कबड्डीला पंचांची वानवा नाही. महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनमार्फत पंच परीक्षा घेतली जाते आणि उत्तीर्ण झालेल्यांना अधिकृत पंच म्हणून मान्यता मिळते. नियमानुसार एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असा सहा जणांचा ताफा लागतो. तालुकास्तरावर दिवसभरात मुला-मुलींचे सामने एकापाठोपाठ एक उरकायचे असताना एवढे मनुष्यबळ प्रत्येक मैदानावर उभे करणे अवघड असते. मग दोघा-तिघांत काम भागविले जाते. रेषेवरचा पंचच गुणलेखकाला हात करून गुण सांगतो, आणि वाद झाला की सगळेच फळ्याकडे धावतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून दूरचित्रवाणीवर एकेक चढाई तिन्ही बाजूंनी पुन्हा दाखविली जाताना मुले पाहतात. पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येते, हेही त्यांना माहीत असते. आपल्या मैदानावर मात्र पंचांचा निर्णय अंतिम, आणि फार तर लेखी हरकत नोंदविण्याची मुभा. हरकतीचा अर्ज लिहून होईपर्यंत पुढचा सामना सुरू झालेला असतो.

या एका सामन्यावर काय काय अवलंबून असते, याची कल्पना शहरी पालकांना क्वचितच असेल. जिल्हा आणि त्यापुढील पातळीवरील कामगिरीसाठी दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. पुढे राज्य व राष्ट्रीय पातळी गाठणाऱ्यांसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीकडे डोळे लावून बसलेल्या ग्रामीण घरांत या प्रमाणपत्राचे मोल सातबाऱ्याच्या उताऱ्याइतके मानले जाते. तालुक्याच्या सामन्यात गेलेला एक गुण म्हणूनच केवळ एक गुण नसतो. आंबेगावच्या पश्चिमेला डिंभे धरणाच्या पलीकडे किंवा जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात शिकणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर ही शिडी आणखी अरुंद होते. त्यांना वर्षाकाठी असे मोजकेच सामने मिळतात, आणि मैदानावरच्या पंचांत ओळखीचे कोणी नसते.

पंचांच्या निर्णयावरून रान पेटते तेव्हा चर्चा होते ती खेळाडूच्या वर्तनाची. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत नेमके हेच घडले. आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यातील राक्षेवाडीचा शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्यातील गादी विभागाची कुस्ती चितपट ठरविण्यात आली. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा राक्षेचा दावा होता. चित्रीकरण पाहण्याची मागणी मान्य झाली नाही आणि राक्षेने पंचाला लाथ मारली. त्यानंतरच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. लाथेचे समर्थन कोणीही करू नये. परंतु एवढ्या मोठ्या लढतीसाठी पंच कोणी, कशाच्या आधारे आणि कधी निवडले, या प्रश्नाकडे त्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तत्पूर्वी जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीतील गुणांवरून असेच वादळ उठले होते. तेव्हाही वाद गुणांपाशीच थांबला.

गंमत अशी, की नि:पक्ष निवाड्याची जाण या भागाला नवी नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. येथील घाटात गाडे एकामागून एक, घड्याळाशी शर्यत करीत पळतात आणि सेकंदाच्या अंशावर बक्षीस फिरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिल्यानंतर आणि मे २०२३ मध्ये कायदा वैध ठरविल्यानंतर घाट पुन्हा गजबजले. निशाण कोणाच्या हाती आणि घड्याळ कोणाकडे, यावर यात्रा कमिटीच्या बैठकीत रात्र-रात्र खल होतो. गाडा मालकाचा सख्खा माणूस घड्याळाजवळ बसलेला कोणी खपवून घेत नाही. तीच गावे शाळेच्या मैदानावर मात्र 'सर आहेत ना' एवढ्यावर समाधान मानतात.

बाहेरच्या जगातही हे शहाणपण वादांनंतरच आले. १९८६ च्या नोव्हेंबरात लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्यातील कसोटीत पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. यजमान देशाचेच पंच, ही तोवरची रूढ पद्धत होती. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असा नियम झाला. २०२० मध्ये करोनामुळे प्रवास थांबला तेव्हा स्थानिक पंच पुन्हा आले, पण त्याबरोबर प्रत्येक डावात संघांना दाद मागण्याची एक संधी वाढवून देण्यात आली. त्रयस्थपणा कमी झाला तर दुसरीकडून त्याची भरपाई हवी, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत हायस्कूल फुटबॉलच्या बाद फेरीसाठी पंच निवडताना अनेक राज्यांत नियमांची लेखी परीक्षा, निरीक्षकांचे अहवाल आणि प्रशिक्षकांनी हंगामभर दिलेले गुण विचारात घेतले जातात. तेथेही तक्रारी आहेत. प्रशिक्षकाच्या हाती गुण दिले, की पंच त्याची मर्जी राखू लागतो, ही त्यातली मोठी. पण कोणाला का निवडले, याचे काहीएक उत्तर निदान देता येते.

जुन्नर-आंबेगावसाठी याहून सोपा मार्ग उपलब्ध आहे. आंबेगावच्या उपांत्य व अंतिम सामन्यांना जुन्नरचे पंच आणि जुन्नरच्या सामन्यांना आंबेगावचे, अशी अदलाबदल करता येईल. मंचर ते नारायणगाव हे पुणे-नाशिक महामार्गावरचे जेमतेम अर्ध्या तासाचे अंतर. साखळीचे सामने आपापल्या तालुक्यातील शिक्षकांनीच पाहावेत; निर्णायक सामने तेवढे शेजाऱ्याच्या हाती द्यावेत. याला काही प्रमाणात पूर्वपीठिकाही आहे. आदिवासी विकास विभागाच्या घोडेगाव प्रकल्प कार्यालयाची हद्द आंबेगाव, जुन्नर, खेड अशी तालुक्यांच्या सीमा ओलांडून जाते, आणि तेथील आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धांत निरनिराळ्या तालुक्यांतील शिक्षक एका मैदानावर काम करतात.

अडचणी नाहीत असे नाही. शिक्षकाला दुसऱ्या तालुक्यात पाठवायचे तर मुख्याध्यापकाची परवानगी, कर्तव्यरजा आणि प्रवासभत्ता यांचे त्रांगडे उभे राहते. अनेक शाळांत क्रीडाशिक्षकाचे पद रिकामे आहे किंवा गणिताच्या शिक्षकाकडेच खेळाचा तास आहे. जो आहे त्याला संघही न्यायचा असतो आणि पंचगिरीही करायची असते. मानधन हा तर बोलण्याचाही विषय नाही. महिला पंच आणखी कमी. मुलींचे अंतिम सामनेही बहुधा पुरुष पंचच चालवितात. तालुक्यातील कबड्डी मंडळांचे जुने खेळाडू, ज्यांनी पंच परीक्षा दिली आहे आणि ज्यांची कोणत्याही शाळेशी बांधीलकी नाही, त्यांना बोलावता येईल. परंतु त्यांचा प्रवासखर्च कोणी द्यायचा, येथे गाडे अडते.

खर्च न लागणारी एक गोष्ट मात्र लगेच शक्य आहे. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक ठरविण्यासाठी क्रीडाशिक्षकांची बैठक हंगामाच्या तोंडावर होते. तारखा, मैदाने आणि प्रवेशिकांची मुदत त्या बैठकीत निश्चित होते. त्याच कागदावर अंतिम सामन्यांच्या पंचांची नावे, त्यांची शाळा आणि पंच परीक्षेचा तपशील छापला, तर हरकत घ्यायची असलेल्या शाळेला ती सामन्याआधी घेता येईल. आज ती नावे संघ मैदानात उतरल्यावरच कळतात.