काठी नवी, नेम जुनाच

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. मोबाइलवरच्या खेळांच्या दुनियेत मात्र तिला एक शेपूट जोडावे लागेल. तिथे नाचता येत नसेल, तर सरळ केलेले अंगण विकत मिळते! ऑनलाइन गोल्फ हे याचे उत्तम उदाहरण. खेळ फुकट असतो. पण मनासारखा डाव पडेना, की पडद्यावर दुकान हजर. अधिक लांब टोला देणारी काठी, वाऱ्याला न जुमानणारा चेंडू, अचूक नेमाचा पटर. मग घरातला कॉलेजकुमार किंवा निवृत्त आजोबा विचारात पडतात, ‘एवढे घेतले तर खेळ सुधारेल का?’

प्रश्न किरकोळ वाटेल, पण त्यामागची उलाढाल किरकोळ नाही. ‘गोल्फ क्लॅश’ हा मोबाइलवरचा गोल्फचा खेळ इंग्लंडमधील प्लेडेमिक या कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणला. तो फुकट उतरवून घेता येतो. तरीही २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने १४० कोटी डॉलर देऊन प्लेडेमिक विकत घेतली. फुकट खेळाच्या कंपनीला एवढे मोल येते ते प्रामुख्याने खेळाडू आत गेल्यावर करत असलेल्या खरेदीमुळे.

काठी नेमके काय करते?

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो श्रेष्ठ. मैदानावर १८ होल असतात आणि प्रत्येक होल किती फटक्यांत पुरा व्हावा हे ठरलेले असते. त्याला ‘पार’ म्हणतात. पडद्यावरच्या गोल्फमध्ये हात फिरवावे लागत नाहीत. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड गोल्फ टूर’सारख्या खेळात पडद्यावर एक पट्टी सरकत असते आणि ती नेमक्या खुणेवर येताच बटण दाबायचे असते. क्षणभर उशीर झाला, की चेंडू भरकटलाच.

इथे काठीचे तीन गुण महत्त्वाचे ठरतात : चेंडू किती लांब जाईल, किती नेमका जाईल, आणि चूक झाली तर तिची शिक्षा किती मिळेल. महागडी काठी चुकीला अधिक क्षमा करते. काही चेंडूंमुळे तर पट्टीच सावकाश सरकते आणि बटण वेळेवर दाबणे सोपे जाते. तेव्हा चांगल्या साहित्याचा उपयोग होतो, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवे. नवख्या खेळाडूला तर तो चटकन जाणवतो, कारण त्याच्या चुका जास्त असतात.

पण किती उपयोग होतो? थोडा हिशेब करून पाहू. ७२ पारच्या नेहमीच्या मैदानावर सहसा तीन पारचे ४, चार पारचे १० आणि पाच पारचे ४ होल असतात. सर्वांत जास्त खपाची काठी म्हणजे लांब टोल्याची ड्रायव्हर. तीन पारच्या होलवर तिची सहसा गरज नसते; म्हणजे ती फार तर १४ वेळा हातात येते. समजा, नव्या ड्रायव्हरने चेंडू २५० ऐवजी २७० यार्ड गेला. ४०० यार्डांच्या होलवर आता १५० ऐवजी १३० यार्ड उरले. पण दोन्ही वेळा दुसऱ्याच फटक्यात ग्रीनवर पोहोचायचे आणि मग दोन हलक्या फटक्यांत चेंडू खळीत घालायचा. दुसरा फटका थोडा सोपा झाला खरा, पण फटक्यांची संख्या चार होती, ती चारच राहिली. एखादा अख्खा फटका वाचण्याची आशा मुख्यतः पाच पारच्या चार होलवर. याउलट, पारच्या हिशेबात ग्रीनवर प्रत्येक होलला दोन, म्हणजे एकूण ३६ फटके धरलेले असतात. तिथला उतार आणि चढ ओळखायला ड्रायव्हर काय कामाचा?

शिडी वर सरकते

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. खेळ सुधारला, की या खेळांत खेळाडूला वरच्या पायरीवर चढवले जाते. वर्ल्ड गोल्फ टूरमध्ये वरच्या पायरीवर चेंडू मारण्याची जागा मागे सरकते, म्हणजे होल लांबतो. गोल्फ क्लॅशमध्ये वरच्या फेरीत प्रवेशासाठी जास्त नाणी लागतात आणि समोर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची पिशवीही तितक्याच दमदार काठ्यांनी भरलेली असते. म्हणजे नव्या काठीने मिळवलेले २० यार्ड मैदान परत घेऊन टाकते. मग आणखी चांगली काठी हवीशी वाटते.

खऱ्या गोल्फमध्ये या शर्यतीला लगाम आहे. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन आणि स्कॉटलंडमधील आर अँड ए या दोन संस्था नियम करतात. पिशवीत १४ पेक्षा जास्त काठ्या चालत नाहीत. ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठे नसावे आणि चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे बंधन आहे. टोले फारच लांब जाऊ लागले म्हणून चेंडूची चाचणी कडक करण्याचा निर्णय या संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. तिथे काठी विकणारा वेगळा आणि नियम करणारा वेगळा. पडद्यावरच्या गोल्फमध्ये हे दोघे एकच! होल किती लांब, वारा किती जोराचा आणि कोणत्या काठीची किंमत किती, हे सारे एकाच घरात ठरते. खरेदीचे बटण दाबण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

वही काढा, मग पाकीट

काठीचा उपयोग आपल्याला झाला की नाही, हे तपासायचे कसे? एका डावावरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच काठीने खेळलेल्या दोन डावांतही चार-पाच फटक्यांचे अंतर सहज पडते. एकाच मैदानावर, एकाच जागेवरून जुन्या काठीने दहा डाव खेळून सरासरी काढावी. मग एकच वस्तू बदलून, हात बसल्यावर पुन्हा दहा डाव. काठी, चेंडू आणि पटर एकदम बदलले, तर गुण कोणाचा ते कधीच कळणार नाही. हात बसेपर्यंतचे डाव मात्र हिशेबात धरू नयेत, कारण नव्या काठीचे अंतर वेगळे असते आणि सुरुवातीला चेंडू ग्रीनपलीकडे जाऊन पडतो.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे फटके कुठे वाया जातात याची नोंद. खऱ्या गोल्फमध्ये अनेक वर्षे समजूत होती, की सामने ग्रीनवरच जिंकले जातात. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील फटक्यांच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये पुस्तकरूपाने निष्कर्ष मांडला. अव्वल खेळाडूंच्या सरशीत सुमारे ४० टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा, २८ टक्के पहिल्या लांब टोल्याचा आणि ग्रीनवरच्या हलक्या फटक्यांचा केवळ १५ टक्के होता. पडद्यावर हे प्रमाण वेगळे असेल, पण धडा तोच : अंदाज सोडा, नोंद ठेवा. पाण्यात चेंडू जास्त जातात, की ग्रीनवर तीन-तीन फटके लागतात, हे वहीत उतरले, की काय घ्यावे आणि काय घेऊ नये ते आपोआप समजते. कित्येकदा उत्तर ‘काहीच नको, वाऱ्याचा अंदाज शिकावा’ असेच निघते.

घरात मुले खेळत असतील तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. काही खेळांत काठी थेट मिळत नाही, बंद पेटी मिळते आणि तिच्यातून काय निघेल ते नशिबावर असते. अशा विकतच्या पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या पंक्तीत बसवले. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून खेळ बनवणाऱ्यांना पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, हे आधी जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. ते आकडे मुलांसोबत बसून वाचावेत. टक्केवारीचा असा धडा शाळेतही मिळणार नाही. दुसरे, प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय फोनमध्ये असते. ती चालू ठेवावी आणि पासवर्ड मोठ्यांनी स्वतःजवळ ठेवावा.

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढून कोणी आवडीची काठी घेतली, तर त्यात गैर काही नाही. सिनेमाचे तिकीट काढतो तसाच तो खर्च. पण हरल्याच्या रागात, मध्यरात्री, ‘ही काठी असती तर जिंकलो असतो’ म्हणून केलेली खरेदी हौसेची नसते. काठी चूक थोडी झाकते. ती कुठे झाली हे सांगत नाही. ते शोधायला दहा डावांचा धीर लागतो, आणि दुकानात तेवढी एकच वस्तू मिळत नाही.