फ्लेक्सवर मागणी कुठे आहे?

१ फेब्रुवारी १९६८ रोजी अमेरिकेतील मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार मेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या फलकांवर चारच शब्द होते: 'आय अ‍ॅम अ मॅन'. मी माणूस आहे. 'अ‍ॅम'खाली रेघ. त्या फलकांवरून ट्रे सील्स या कृष्णवर्णीय डिझायनरने 'मार्टिन' हा जाड, कोनदार, बिननक्षीचा फॉन्ट घडवला. मार्टिन म्हणजे किंग. या संपाच्या पाठिंब्यासाठी आले असताना मेम्फिसमध्येच त्यांची हत्या झाली.

आता १४ एप्रिलचे आपले फ्लेक्स बघा. सोनेरी, सावली पाडलेली अक्षरे, आणि त्यांच्याभोवती इच्छुक उमेदवारांचे चेहरे. (बाबासाहेब कोपऱ्यात असतात, हे उपकारच!) मागणी कुठेच नाही. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. तरी गटारात माणसे गुदमरून मरतातच, आणि ती बहुतांश दलितच असतात. त्यांच्यासाठीच्या मोर्चात आमचे फलक मात्र दहा फुटांवरून वाचता येत नाहीत.

देवनागरी अक्षर जाड केले की मात्रा आणि जोडाक्षरे बुजतात. म्हणून शब्द कमी हवेत, अक्षर मोठे हवे. येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने एक तरी फ्लेक्स चेहऱ्यांविना, फक्त मागणीचा लावावा.