साडी आहे, कार्ड नाही

राज्याच्या वस्त्रोद्योग विभागाने नोव्हेंबर 2023 मध्ये एक योजना काढली. अंत्योदय कार्ड असलेल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला एक साडी, फुकट, राशन दुकानातून. सरकारी कागदावर तिचं नाव ‘कॅप्टिव्ह मार्केट योजना’, मुदत 2028 पर्यंत, कुटुंबं सुमारे पंचवीस लाख. यंत्रमागाला काम मिळावं आणि गरिबाला कापड, असा दुहेरी हिशोब. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या दुकानातली रीत राज्यातल्या कुठल्याही दुकानासारखीच. कार्डाचा नंबर मशीनमध्ये टाकायचा, पडद्यावर घरातल्यांची नावं येतात, एकाने अंगठा लावायचा, पावती निघते, साडी हातात. पोत कसा, रंग जातो का, यावर रांगेत आधीच चर्चा झालेली असते. हा लेख त्या रांगेत उभं राहायलाच ज्यांना जागा नाही, त्या तृतीयपंथींविषयी आहे.

योजनेची बाजू घेणारे पहिल्याच दमात विचारतात, तृतीयपंथींना देऊ नका असं शासन निर्णयात कुठं लिहिलंय? कुठंच नाही. लिहायची गरजच पडली नाही. ‘अंत्योदय’ आणि ‘कुटुंब’ या दोन अटी लावल्या की ते आपोआप बाहेर राहतात, आणि कुणाला बाहेर काढल्याचा ठपकाही येत नाही.

आधी कुटुंब बघा. सोळा-सतरा वर्षांचं पोर घरातून निघतं, किंवा काढलं जातं. त्याचं नाव बापाच्या कार्डावर राहतं, तेही मुलगा म्हणून. कार्ड प्राधान्य गटातलं असेल तर त्याच्या नावचं महिन्याचं पाच किलो धान्य त्याच घरात जात राहतं. आता तृतीयपंथी म्हणून जगणाऱ्या तिला वेगळं कार्ड हवं. त्यासाठी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. तो अर्ज कार्डधारकाने द्यायचा, म्हणजे फोन न उचलणाऱ्या बापाने. मग राहण्याचा पुरावा. पण तिला खोली देणाराच मुश्किलीने मिळतो, तो भाडेकरार कुठून करून देणार? मग उत्पन्नाचा दाखला. मंगतीवर, म्हणजे दुकानादुकानांत मागून, जगणाऱ्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न कोणत्या आधारावर लिहायचं, हे तलाठ्यालाही सुचत नाही. शेलूबाजार मंगरूळपीर तालुक्यात, त्यामुळे पुरवठ्याच्या टेबलासाठी मंगरूळपीर गाठायचं आणि समाजकल्याणसाठी वाशीम. प्रत्येक खिडकीवर आधारवरचं नाव एक आणि समोरचा चेहरा दुसरा, म्हणून पुन्हा पहिल्यापासून खुलासा.

तृतीयपंथींच्या डेऱ्यावर, म्हणजे एकत्र राहण्याच्या घरात, एक गुरू आणि चार चेले एका चुलीवर जेवतात, आजारपणात एकमेकींचं करतात, मेल्यावर मातीही तेच देतात. पण हे कार्यालयाच्या लेखी कुटुंब नाही. केंद्राच्या अन्न विभागाने 2024 मध्ये राज्यांना कळवलं की समलिंगी व इतर अशा जोडीदारांना राशन कार्डासाठी एकाच घरातले धरा. चांगलं झालं. पण त्यात विचार जोडीदारांचा आहे, डेऱ्याचा नाही.

आता गावातला नेहमीचा आक्षेप. “त्याईले काय कमी हाय बाप्पा? दुकानादुकानातून दहा-वीस नेतातच की!” ज्याने बाजाराच्या दिवशी गल्ल्यातून नोट काढून दिली आहे, त्याचा हा राग समजतो. पण दिवसाच्या मंगतीतून डेऱ्याचा वाटा जातो, गाडीभाडं जातं, आणि अंगात ताकद असेल तोवरच टाळी वाजते. पन्नाशी उलटली, साखर वाढली, पाय सुजले की दुकानांची फेरी संपते. एखाद्या गुरूकडे सोनं आणि पक्कं घर असतं, हेही खरं. तिला साडी देऊच नये. सधन विधवेलाही देऊ नये. गरिबी मोजायची तर सगळ्यांची एकाच मापाने मोजा. एका समाजाची मात्र ऐकीव गोष्टींवरून मोजायची, हा न्याय कुठला?

गंमत म्हणजे हाच आक्षेप घेणाऱ्या घरात नातू झाला किंवा लग्न झालं की तृतीयपंथींना बोलावून साडी-चोळी आणि शिधा दिला जातो. त्यांचा आशीर्वाद लागतो. साडी त्यांचीच, हे गावाला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. अडचण येते ती फक्त साडी सरकारी झाली की.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. स्वतःच्या सांगण्यावर दिलं तर उद्या कुणीही पुरुष येऊन म्हणेल, मी तृतीयपंथी, द्या साडी. जरा डोळ्यासमोर आणा. भर दुपारी राशन दुकानापुढे ओळखीची चाळीस माणसं, आणि एक गृहस्थ साडेतीनशे रुपयांच्या आसपास किमतीच्या साडीसाठी हे जाहीर करतो आहे. त्याच्या पोरीचं लग्न ठरायचं आहे, बायको त्याच रांगेत आहे. शेलूबाजारासारख्या गावात या खोटेपणाची किंमत साडीच्या शंभरपट आहे. योजनांत बोगसपणा होतो तो मेलेल्यांच्या नावावर आणि बंगलेवाल्यांच्या पिवळ्या कार्डांवर. त्याला लाज सोडावी लागत नाही, वशिला लागतो.

मग प्रमाणपत्राचा आग्रह येतो. 2019 चा कायदा झाला, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ओळखपत्र मिळण्याची सोय झाली, ते काढा आणि मागा. ऐकायला रास्त. पण साडी घेताना आजवर कुठल्या बाईकडे ती बाई असल्याचा दाखला मागितला? विधवेकडे नाही, म्हातारीकडे नाही. शिष्यवृत्तीला किंवा नोकरीतल्या जागेला प्रमाणपत्र मागितलं तर मी हरकत घेणार नाही. तिथे पणाला लागलेली गोष्ट मोठी आहे. नेसायच्या एका कापडासाठी तीच चाळणी लावणं म्हणजे लायकी तपासण्याचा खर्च मदतीहून जड करणं. आणि प्रमाणपत्र काढलं तरी दुकानातलं मशीन ते विचारतच नाही. त्याला हवा आहे तो कार्डाचा नंबर, आणि गाडी पुन्हा तिथेच अडते.

या कापडाला इतिहासही आहे, आणि तो सरकारला शोभणारा नाही. इंग्रजांनी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा केला, त्याचा एक भाग तृतीयपंथींवरच होता. आधी उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांत लागू झालेल्या त्या कायद्याने त्यांची नोंदवही ठेवली, आणि नोंद झालेली व्यक्ती बायकी पोशाखात रस्त्यावर दिसली की विनावॉरंट अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे साडी नेसणं हाच गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात या कायद्याची आठवण काढली, स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि केंद्र-राज्यांना त्यांच्यासाठी कल्याणकारी योजना आखायला सांगितलं. पेहराव हा अभिव्यक्तीचा भाग असल्याचंही त्याच निकालात आहे. पुढे महाराष्ट्राने 2020 मध्ये तृतीयपंथींसाठी कल्याण मंडळ स्थापलं. एवढं सगळं होऊनही तीन वर्षांनी आलेल्या साडीच्या योजनेत त्यांची आठवण कुणाला झाली नाही.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. साडी बायकांची, तृतीयपंथींना देणार, तर गरीब पुरुषाने काय घोडं मारलंय? काहीच नाही. त्यालाही द्या. झारखंड सरकार राशन कार्डावर वर्षातून दोनदा, दहा-दहा रुपयांत, साडीबरोबर धोतर किंवा लुंगी देतं. तामिळनाडूत पोंगलला धोतर आणि साडी दोन्ही देण्याची पद्धत 1983 पासूनची. तेव्हा कापड हे फक्त बाईच्या नावाने आणि घरटी एकच निघालं पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही. उलट साडीवर अडून बसलं की पारलिंगी पुरुष पुरताच सुटतो. मुलगी म्हणून वाढलेला, आता शर्ट-पँट घालणारा, एकटा राहणारा मजूर. त्याच्या हातात साडी ठेवणं म्हणजे मदत नव्हे, टोमणा.

म्हणून मागणी साधी आहे. कापड माणशी द्या, कुटुंबामागे नको. साडी, लुंगी की शर्ट-पँटचं कापड, हे घेणाऱ्याला विचारा. आणि साडी देणार असाल तर परकर आणि ब्लाउजच्या शिलाईचंही बघा. नुसती साडी नेसता येत नाही. गावातला लेडीज टेलर तृतीयपंथीचं माप घ्यायला कां-कूं करतो, जुन्या ब्लाउजवरून अंदाजाने शिवतो, खांद्यात आखूड आणि छातीत ढगळ. त्यावर पदर नीट बसवायला पिना लागतात, आणि लोक हसतात ते त्या पिनांना.

पात्रतेचं म्हणाल तर नवा कायदा लागत नाही. अंत्योदय योजना केंद्राने डिसेंबर 2000 मध्ये आणली, तिचे निकष ठरलेले आहेत. त्यात विधवा, दिव्यांग, आधार नसलेले साठीपुढचे लोक आहेत, आणि कुटुंबाचा वा समाजाचा आधार नसलेली, उपजीविकेची हमी नसलेली एकटी स्त्री किंवा एकटा पुरुषही आहे. घर सुटलेली, गाव हसणारं, रोजची कमाई अनिश्चित, असं हे वर्णन तृतीयपंथींना जितकं लागू पडतं तितकं क्वचितच कुणाला पडत असेल. ओडिशाने 2016 मध्ये त्यांना दारिद्र्यरेषेखालच्या योजनांत घ्यायचं ठरवलं. आपल्याकडे अंत्योदय कार्डांची संख्या बांधलेली आहे, हे अधिकारी सांगतील आणि ते खरं आहे. पण मयतांची, गाव सोडून गेलेल्यांची कार्डं रद्द होतात आणि जागा निघतात. त्या जागांवर आजवर कुणाची नावं गेली, हे गावाला पाठ आहे.

अंत्योदयची यादी ग्रामसभेपुढे यायची असते, आणि वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. शेलूबाजारच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या वाचकांना विनंती एवढीच: पुढच्या सभेला यादी मोठ्याने वाचायला लावा, रिकाम्या जागा किती ते विचारा, आणि गावात राहणाऱ्या एकट्या, थकलेल्या तृतीयपंथीचं नाव, तिची संमती घेऊन, ठरावात घाला. सूचक म्हणून आपली सही करा.